मळी घातलेली पेंड

५ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. लॉरीवाल्याबरोबर दोन पोती पाठवली आहेत, ती पत्राच्या आधीच पोचली असतील. पोत्यात काय आहे ते आता सांगतो, पण सगळं वाचल्याशिवाय पत्र चुलीत घालू नकोस. एरंडीची पेंड आहे. तुझ्या तांबडीसाठी आणि म्हशीसाठी.

एरंडी विषारी असते हे मला शिकवू नकोस. तेल काढून उरलेली ती पेंड लोक खत म्हणून शेतात टाकतात आणि कुत्र्यानं हुंगली तरी काठी घेऊन धावतात. मी दिवसभर त्याच ढिगात उभा असतो, कपड्यांना तोच वास, जेवताना हाताला तोच वास. पण ताई, विष काढून टाकलं तर मागे जे उरतं ते शेंगदाण्याच्या पेंडीच्या तोडीचं अन्न आहे. इतकी वर्षं आपण ते मातीत घालतोय. आमच्या तेलगिरणीत आता मला नवा विभाग दिलाय तो याचसाठी. पेंडीत चुना कालवायचा, बॉयलरच्या वाफेवर मोठ्या पिंपात शिजवायची आणि वाळवायची. चुना आणि वाफ मिळून विष मारतात. प्रत्येक घाण्यातली पेंड आधी पिंजऱ्यातल्या सशांना चारून बघतो. ससा फार नाजूक जनावर, जरा काही बिघडलं की मान टाकतं. आमचे ससे मात्र माझ्यापेक्षा गुबगुबीत झालेत.

एक विनंती. गिरणीबाहेर ही पेंड जाऊ द्यायची अजून परवानगी नाही, म्हणून कुठे बोलू नकोस. पिंजऱ्यातला ससा एक आणि गोठ्यातली दुभती गाय वेगळी. मालकांसमोर जाऊन मला सांगायचंय की खऱ्या गाईनं खाल्ली आणि दूध वाढलं. माझा भरवसा दुसऱ्या कुठल्या गोठ्यावर नाही.

दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. चिंगीला माझ्याकडून एक पापा.

तुझा
बारक्या

---

१३ जानेवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

शास्त्रज्ञ महाराज, पोती पोचली. एरंडी हा शब्द वाचून पोती आधी गोठ्याबाहेरच ठेवली होती, खोटं कशाला सांगू. पण तू लहानपणापासून जे हातात घेतलंस ते नीट केलंस, म्हणून मन घट्ट करून काल टोपलीभर पुढे ठेवली.

तांबडीनं वास घेतला, शिंकली आणि अशी मान फिरवली की जणू मी तिचा अपमान केला. म्हशीनं तर टोपलीच उलथून दिली. आज सकाळी पुन्हा ठेवली, तेच नाटक. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या की जनावर नको म्हणतंय तर नाद सोड. हे घरी नव्हते, त्यांची बसची पाळी लांबच्या रस्त्यावर आहे, चार दिवसांनी येतात आणि आल्या आल्या झोपतात. त्यामुळे गोठा माझ्या एकटीच्या गळ्यात.

चिंगी दिवसभर गोठ्यात असते. चालायला लागल्यापासून तिला घरात करमतच नाही. गाय खाते ते तिलाही हवं. परवा तोंडातून कडब्याचं पान ओढून काढलं तर मलाच चावली. तीन वर्षांची झाली, अजून बोलायचा कंटाळा, चावायचा मात्र उत्साह दांडगा. तुझ्यावरच गेली आहे.

तर पेंडीचं काय करू ते कळव. उगीच पडून राहायला नको.

तुझी
ताई

---

१९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. यात नाद सोडण्यासारखं काही नाही. चुन्यामुळे पेंडीला तुरट चव येते, जनावराला ती आवडत नाही, एवढंच. साखर कारखान्यातली काळी मळी मिळते ना तुमच्याकडे, ती आण. कोमट पाण्यात पातळ कर आणि पेंडीवर शिंपडून कालव. सुरुवातीला हात सैल सोड. गोड वास आला की गाय मान फिरवायची नाही, हे मी लिहून देतो.

सासूबाईंना सांग की जनावरालाही नवी चव शिकवावी लागते. तुला आठवतं ना, मला कारलं खायला लावायला तू त्यावर गूळ लावायचीस.

तुझा
बारक्या

---

२ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

जिंकलास बाबा. मळी घातली आणि तांबडीनं टोपली अशी चाटली की धुवायची गरज उरली नाही. म्हैससुद्धा आता माझ्या पावलांची वाट बघते. दूध वाढलंय आणि दाट झालंय, हे मी म्हणत नाही, सासूबाई म्हणतात, आणि त्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. तुझ्या मालकांना खुशाल सांग.

आणखी एक गिऱ्हाईक मिळालंय तुला. मळीच्या वासानं चिंगी टोपलीभोवती घुटमळते. काल बघते तर गाईच्या शेजारी बसून बोटं चाटतेय, तोंड काळं, हनुवटीवर पेंड. मी ओरडले तर हसली. तांबडीही तिला काही करत नाही, उलट मान वळवून तिला जागा देते. म्हटलं जाऊ दे, सशांना चालते तर आमच्या उंदरालाही चालेल.

दोन्ही पोती संपत आली. आणखी असली तर पाठव.

तुझी
ताई

---

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मी विभागातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, फक्त पेंड कुणाच्या गोठ्यात गेली ते सांगितलं नाही. आज आणखी दोन पोती लॉरीत चढवली. ताज्या घाण्यातली आहेत. सशांना आजच घातली, पण तुला तिकडे खोळंबा नको म्हणून थांबलो नाही. पद्धत तीच, चुना तोच, वजन मी स्वतः केलंय.

चिंगीला टोपलीपासून जरा लांब ठेव. काही होणार नाही, पण मळीनं पोट बिघडतं.

तुझा
बारक्या

---

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. ही नवी दोन पोती उघडू नकोस. लॉरीवाला परत येईल तेव्हा त्याच्याकडे दे. विशेष काही नाही, वजनात घोटाळा झालाय आणि मला ती परत ढिगात टाकायची आहेत. उघडली असलीस तरी बंद करून ठेव. जुन्या पोत्यातलं काही उरलं असेल तर ते चालेल.

उलट टपाली दोन ओळी लिही. घरी सगळे बरे आहेत ना, चिंगी बरी आहे ना, तेही लिही.

तुझा
बारक्या

---

१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

दिलेलं परत मागायची तुझी सवय अजून गेली नाही तर. लहानपणी पतंग द्यायचास आणि संध्याकाळी दारात उभा राहायचास. यावेळी मात्र पतंग मिळायचा नाही. झालं असं की गोठ्यात उंदीर फार झालेत. सासूबाईंनी पोती आल्या आल्या पत्र्याच्या मोठ्या पिंपात ओतली आणि वर झाकण घातलं. तळाला जुनी थोडी होती, तीही त्यातच मिसळली. पोती त्यांनी धुऊन वाळवली, एक दारात पायपुसणं झालंय आणि दुसरं शिवून चिंगीच्या अंथरुणाखाली गेलंय. आता कुठली जुनी आणि कुठली नवी ते देवालाही सांगता येणार नाही. वजनातला घोटाळा तू तिकडेच निस्तर.

कालपासून पिंपातली थोडी थोडी सुरू केली आहे. मी सगळं बघून घालते, काळजी करू नकोस. चिंगी ठणठणीत आहे. बादली उलटी करून तिच्यावर चढायचं आणि पिंपाचं झाकण सरकवायचं, हे तिनं आपलं आपण शोधून काढलंय. बोलत नाही पण डोकं चालतं.

तुझी आडून आडून विचारपूस करायची पद्धत कळते मला. मालक रागावलेत का? खरं सांग.

तुझी
ताई

---

तार
१८ फेब्रुवारी

पेंड विषारी आहे. जनावरांना देऊ नका. चिंगीला पिंपापासून दूर ठेवा. खाल्ली असेल तर ताबडतोब दवाखान्यात न्या. एरंडी सांगा. बारक्या

---

१८ फेब्रुवारी

ताई,

तार केली आहे, तरी हे लिहितोय. तार करून पोस्टातून बाहेर आलो आणि पायरीवरच बसलो.

वजनाचा घोटाळा काही नव्हता. ससे मेले. आधी दोघांनी खाणं सोडलं, मग पिंजऱ्यात रक्ताची हगवण, मग एकामागून एक सगळे. मी नवा घाणा सुरुवातीपासून तपासला तेव्हा कळलं. चुन्याचं पोतं बॉयलरच्या शेजारी उघडं पडलं होतं. वाफ आणि दमट हवा लागून चुना मेला होता. मेलेला चुना दिसायला तसाच पांढरा आणि तराजूवर उलट जडच भरतो. माझं वजन बरोबर होतं. मारायचं होतं ते विष मात्र मेलं नाही. नुसत्या वाफेनं थोडं कमी झालं असेल, किती ते मला ठाऊक नाही.

हे मला अकरा तारखेलाच माहीत होतं. तुला तसं लिहायला धजलो नाही. वाटलं पोती बंद असतील, परत येतील, कुणाला काही कळायचं नाही. आज तुझं पत्र आलं. चिंगी बादलीवर चढते, एवढं वाचलं आणि पुढची अक्षरं दिसेनात.

एकच सांगायचंय. मळी घालायला मी सांगितलं. गाईनं मान फिरवली होती. ती तिची राखण होती, आणि ती मी तुझ्या हातानं काढून टाकली.

पाया पडतो, लगेच कळव.

बारक्या

---

२४ फेब्रुवारी

ताई,

अजून काही आलं नाही. पोस्टमनची सायकल फाटकात दिसली की माझ्या तोंडचं पाणी पळतं आणि तो पुढे गेला की आणखी भीती वाटते. दाजींच्या बस डेपोत दोनदा निरोप ठेवला. ते रजेवर आहेत एवढंच सांगतात. कसली रजा ते सांगत नाहीत.

मालकांना मी काही बोललो नाही. ससे रोगानं मेले असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नवे आणायला सांगितलं. तो घाणा मी एका कोपऱ्यात ढकलून वर ताडपत्री टाकली आहे, तो बाहेर जाणार नाही याची शपथ घेतो.

ताई, तिकडे दवाखान्यात कुणी विचारलंच, कुठून आणली आणि कशाला, तर एक सांगशील का? खतासाठी आणली होती आणि चुकून गोठ्यात गेली असं सांग. एरंडीची पेंड खत म्हणून सगळीकडे विकतात, कुणाला संशय यायचा नाही. माझ्या गिरणीचं नाव निघालं तर परवानगी नसताना बाहेर दिली म्हणून पोलीसही येतील. मला कोठडीची फार भीती वाटते. हे लिहिताना मला माझी लाज वाटते आहे, पण लिहितोय.

चिंगी कशी आहे?

बारक्या

---

३ मार्च

बारक्या,

चिंगी जिवंत आहे. हे आधी लिहिते, नाहीतर तू बाकीचं वाचणार नाहीस.

तार त्या दिवशी दुपारी जेवणाच्या आधी आली. मी मागे गोठ्यात शेण काढत होते. सासूबाईंनी ती घेतली. तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच त्यांना माहीत. सासरे गेले तेव्हा तार जेवताना फोडली होती आणि भरलेली ताटं तशीच राहिली, दोन दिवस कुणी घास घेतला नाही. तेव्हापासून त्यांनी ठरवलंय, घरातल्यांची पोटं भरल्याशिवाय तार फोडायची नाही. त्यांनी ती डाळीच्या डब्याखाली ठेवली आणि मला काही न सांगता पानं वाढली. मी जेवले. मग जनावरांना टोपल्या भरून घातल्या. चिंगी तिथेच होती. मी तिला बघितलं होतं. तोंड काळं होतं तिचं, मी पदरानं पुसलं.

नंतर त्यांनी तार माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता वाच, कोण गेलं ते.

चिंगीला संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या आणि मग रक्त. डॉक्टरांनी तार वाचली म्हणून त्यांना दिशा सापडली, नाहीतर साधी हगवण समजून औषध दिलं असतं असं ते म्हणाले. हातात सुई राहायची नाही म्हणून पायात सलाईन लावलं. पोर इतकी वाळली की मला तिचा हात हातात घ्यायची भीती वाटायची. ती ओरडायची थांबली तेव्हा मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे. काल पहिल्यांदा उठून बसली. डॉक्टर म्हणतात धोका टळला, पण पोटाची कातडी आतून सोलली गेली आहे, भरायला वेळ लागेल.

तांबडी गेली. म्हैस वाचली, ती मुळात कमी खायची. तांबडी माझ्या हातचं काहीही खायची.

तारेनंतरचं तुझं दुसरं पत्र मला दवाखान्यात मिळालं. त्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीतला एक माणूस वही घेऊन आला आणि त्यानं विचारलं की पेंड कुठून आणली. हे तिथे होते, सासूबाई होत्या. तारेत तुझं नाव होतं, म्हणून मी म्हटलं, भावाला मी कळवलं होतं की खत आणलंय, त्याला शंका आली म्हणून त्यानं तार केली. खत मी चुकून गोठ्यात नेलं. मळी कशाला घातली असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, जनावरं खात नव्हती म्हणून. तो लिहायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. सगळेच बघत राहिले.

सासूबाईंनी पोती बघितली होती, लॉरीवाला बघितला होता. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनाही काही धड आठवत नसेल, किंवा त्यांची स्वतःची तार त्यांना खात असेल. पण ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणजे माझ्या खोट्यावर. आता ह्यांच्या लेखी मी अशी बाई आहे जिनं विषारी खत गोड करून गोठ्यात घातलं आणि त्यातच पोर बसवली. कुणी मला रागावत नाही. नुसतं चिंगीला भरवायचं काम सासूबाईंकडे गेलंय. मी वाटी घेतली की हे उठून माझ्या हातातून घेतात, हळूच, आवाज न करता. काल मी पाणी पाजायला गेले तर ह्यांनी आधी स्वतः घोट घेऊन बघितला.

मला खूप भीती वाटते बारक्या. तिचं पोट भरेल, पण घरात हे असंच राहिलं तर ती मोठी होताना हेच बघेल, की आईच्या हातचं खायचं नसतं.

मी तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले. आता ते मला उलटं फिरवता येणार नाही, कारण तुझी पत्रं मी चुलीत घातली आणि मी काहीही सांगितलं तरी जीव वाचवायला बोलते असंच वाटेल. ते फक्त तुला फिरवता येईल. तू ये. नाही आलास तर मी दुसऱ्या कुणाला काही सांगणार नाही, तेवढी मी तुझी बहीण आहे. पण मग मला पत्र लिहू नकोस.

ताई

---

८ मार्च

ताई,

स्टँडवर बसून लिहितोय, समोर गाडी उभी आहे. सकाळी मालकांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ताडपत्री काढून त्यांना घाणा दाखवला. त्यांनी गोदामाला कुलूप लावायला सांगितलं आणि मला घरी जायला. पुढे काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिकडे आल्यावर मी तालुक्याच्या कचेरीत जाणार आहे. पण त्याच्या आधी तुझ्या घरी.

तू मला ओळखतेस. तुझं दार दिसलं की माझे पाय मागे फिरतील, हे मला आत्तापासून जाणवतंय. दाजींच्या डोळ्यांत बघून माझ्या तोंडातून भलतंच काही निघेल, किंवा काहीच निघणार नाही. तीनदा तिकीट काढून परत दिलंय. म्हणून हे पत्र आज पेटीत टाकतो आणि पाकिटावर तुझ्याऐवजी दाजींचं नाव घालतो. मी पोचलो तर हे नंतर येईल आणि फाडून टाकता येईल. मी पोचलो नाही, तरी हे पोचेल. त्यांनी ते चिंगीच्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवावं.

दाजी, पेंड मी पाठवली. जनावरांना खायला म्हणूनच पाठवली, खत म्हणून कधीच नाही. मळी घालायला मी सांगितलं. पेंडीत विष आहे हे मला कळलं तेव्हा मी ते ताईपासून लपवलं, आणि नंतर खोटं बोलायलाही मीच लावलं. ताईनं फक्त माझं ऐकलं. चिंगीला तिच्या आईच्या हातचं खाऊ द्या.

बारक्या